शेर गेला, किलो आला: मधला उरलेला अंश कुणाचा?

आजच्या भागात लढाई नाही आणि तहही नाही. आजचा विषय आहे कोष्टकं. एका मापातून दुसऱ्या मापात जायचं, शेराचे किलो करायचे, एकराचं हेक्टर करायचं, आण्याचे पैसे करायचे. ऐकायला शाळेतल्या गणिताच्या तासासारखं वाटेल, पण थोडं थांबा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एक माप दुसऱ्यात बदलताना बहुतेक वेळा पूर्ण भाग जात नाही, काहीतरी उरतं. वहीत आपण ते सोडून देतो. बाजारात आणि शेतावर मात्र ते सुटत नाही, ते कुणाच्या तरी खिशात जातं. कुणाच्या जावं, हे कोण ठरवतं? हा प्रश्न घेऊन भारताच्या मापांचा इतिहास वाचला, की तो रुक्ष राहत नाही.

सुरुवात जवळच्या काळापासून करू आणि मग मागे जाऊ.

एका पैशाची कोथिंबीर

१ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होते. हिशोबाच्या वहीत त्याहून लहान पै होती, रुपयाच्या १९२. आता रुपयाचे १०० ‘नवे पैसे’ झाले.

जुनी पद्धत वेडगळ होती असं आज वाटतं, पण ६४ हा आकडा बघा. त्याचा निम्मा ३२, मग १६, ८, ४, २, १. सहा वेळा निम्मं केलं तरी काही उरत नाही. १९२ ला तिनानेही भाग जातो, त्यामुळे रुपयाचे तीन सारखे वाटे करता येत होते. १०० चे दोनदा निम्मे करा, २५ वर येता, आणि तिसऱ्या वेळी साडेबारा. जिथे माणसं पाव, अर्धा, पाऊण या भाषेत विकत घेतात, तिथे ६४ सोयीचा होता. म्हणून तर आपल्याकडे मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. साडेतीनचाही पाढा असायचा, कारण दुकानात तो लागायचा.

आता अडचण बघा. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वासहा पैशांचं नाणं नाही. कायद्याने नियम घातला: जवळच्या पूर्ण पैशावर जायचं, आणि अंश नेमका अर्धा असेल तर खालच्या पैशावर. त्यावरून कोष्टक तयार झालं. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. नियम सरळ आहे, कुणावर अन्याय करायचा हेतू त्यात दिसत नाही. नेमका अर्धा आला तर सूट पैसे देणाऱ्याला आहे.

तरी हिशोब करून बघू. जुना एक पैसा म्हणजे १.५६ नवे पैसे. जवळचा पूर्ण आकडा २. समजा एखादी बाई रोज एका पैशाची कोथिंबीर घेते. आता ती दोन नवे पैसे देणार. अशा ६४ खरेद्या, म्हणजे जुन्या हिशोबाने एक रुपया, नव्या हिशोबाने १२८ पैसे. तिला २८ टक्के जास्त पडले. उलट दोन आण्यांची वस्तू आठ वेळा घेणाऱ्याने ९६ पैसेच दिले, त्याला ४ पैसे सुटले. आणि जो चार आणे, आठ आणे, रुपया अशा पटीत व्यवहार करतो, त्याला फरकच पडला नाही, कारण तिथे अंश उरतच नाही.

नियम सगळ्यांना एक होता. पण मोठी रक्कम एकदम देणाऱ्याचा अंश एकदाच उरतो आणि चिमूटभर घेणाऱ्याचा रोज उरतो. हातावर पोट असलेला माणूस महिन्याचं सामान एकदम भरत नाही, तो रोज पैशाच्या मोजणीने घेतो. अंश त्याच्याच वाट्याला पुन्हा पुन्हा आला.

‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ ला काढून टाकला आणि नुसता पैसा उरला. चार आणे मात्र २५ पैशांच्या नाण्याच्या रूपात ३० जून २०११ पर्यंत चलनात होते.

ओली दोरी आणि वाढलेला शेर

हा प्रश्न १९५७ ला जन्मला असं नाही. चारशे वर्षं मागे, अकबराच्या काळात जाऊ.

अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये मापांवर बरंच लिहिलं आहे. शेराबद्दल तो सांगतो की पूर्वी हिंदुस्थानात काही ठिकाणी शेर १८ दामांचा, काही ठिकाणी २२ दामांचा होता. दाम म्हणजे तांब्याचं नाणं, साधारण २१ ग्रॅमचं. नाणं हेच वजन. अकबराच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला शेर २८ दामांचा होता, पुढे तो ३० दामांचा झाला. जहांगीरने ३६ केला, शाहजहानच्या काळात ४० झाला. चाळीस शेरांचा मण, हे नातं कायम राहिलं. शब्द तेच आणि कोष्टक तेच, पण आतला माल वाढत गेला. म्हणून त्या काळचे व्यापारी नुसतं ‘मण’ लिहून भागवू शकत नसत. अकबरी मण, जहांगिरी मण, शाहजहानी मण असं स्पष्ट करावं लागे. जुन्या मणाने ठरलेला सौदा नव्या मणाने मोजला, तर देणारा बुडाला.

जमिनीचं तर याहून नाजूक. सारा बिघ्यावर, आणि बिघा मोजायचा सणाच्या दोरीने. सणाची दोरी दवाने ओली झाली की आखडते. समजा ती शंभरात पाच भाग आखडली. आता तेच शेत लांबीला पाच टक्के जास्त भरतं, रुंदीलाही तेवढंच. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, त्यामुळे बिघे जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढले. जमीन एक वीतही वाढलेली नाही, पण सारा वाढला. सकाळी मोजणी झाली की दुपारी, यावर शेतकऱ्याचं देणं ठरणार.

अकबराच्या कारभाऱ्यांनी यावर उपाय केला. दोरीऐवजी बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडून साखळी केली. बांबू दवाने आखडत नाही. ही बारीकशी दुरुस्ती मला फार मोठी वाटते, कारण त्यात राज्याने मान्य केलं की चूक मोजमापाच्या साधनात आहे आणि ती रयतेला महाग पडते.

आपल्याकडेही हीच काळजी दिसते. शिवकालीन जमीन मोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची ठरवली होती, हे सभासदाच्या बखरीत आहे. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. कुणाचा हात, हा वाद राहू नये म्हणून काठी एकच.

घासून बसवलेली मापं

मग कंपनी सरकार आलं. त्यांच्यापुढे प्रश्न होता की इथली मापं त्यांच्या वहीत कशी न्यायची. आणि इथे एक मजेदार गोष्ट घडली. रूपांतर सोपं व्हावं म्हणून त्यांनी इथली मापंच थोडी घासून आपल्या मापात बसवली.

अकबराचा इलाही गज नेमका किती इंचांचा, यावर इंग्रज अधिकाऱ्यांत एकमत होत नव्हतं. शेवटी १८२० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात तो ३३ इंच धरायचं ठरलं. ३३ च का? साठ गज गुणिले साठ गज म्हणजे बिघा. ३३ इंचांचे साठ गज म्हणजे बरोबर ५५ यार्ड. ५५ गुणिले ५५ म्हणजे ३०२५ चौरस यार्ड. आणि एकराचे चौरस यार्ड ४८४०. भागून बघा, बिघा बरोबर पाच अष्टमांश एकर येतो, काहीही न उरता. बंगालचा बिघा मात्र ऐंशी हात चौरस, म्हणजे १६०० चौरस यार्ड, जवळजवळ निम्मा. आजही उत्तर प्रदेशात आणि बंगालमध्ये ‘बिघा’ हा शब्द एकच असला तरी जमीन वेगळी असते, हे तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सांगायला नको.

वजनाचंही तसंच. १८३३ च्या रेग्युलेशनने १८० ग्रेनचा तोळा पाया धरला. टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप याचा पुरस्कर्ता होता. १८३५ पासून कंपनीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणजे ऐंशी कोरे रुपये एका पारड्यात टाकले की शेर. गावातल्या कुणालाही दुकानदाराचं वजन तपासता येईल, अशी ही सोय होती. चाळीस शेरांचा मण ३२०० तोळ्यांचा, आणि तो बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा भरतो. पण व्यापारात चालणारा पौंड ट्रॉय नव्हता. त्या नेहमीच्या पौंडात तोच मण ८२ पौंड आणि वर दोन सप्तमांश. एका बाजूला बसवला की दुसऱ्या बाजूला अंश बाहेर आलाच.

शिवाय हा मण सगळीकडे नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा. आजच्या भाषेत कलकत्त्याचा मण ३७.३ किलो, मुंबईचा १२.७ आणि मद्रासचा ११.३. कलकत्त्याचा एक मण म्हणजे मुंबईचे २.९४ मण. बोलण्याच्या ओघात कुणी ‘तीन मण’ म्हणालं, की शेकड्याला दोनची तफावत झाली. शंभर मणांच्या मालात ती सहा मुंबई मणांची होते.

जमिनीत दख्खनची गोष्ट वेगळी आहे. १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी मोजणी सुरू झाली. तिने बिघा सोडून एकर घेतला आणि एकराचे चाळीस गुंठे केले. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. इथेही अंश उरत नाही, माप बसवूनच घेतलं होतं. पण एक गोष्ट निसटली. जुना बिघा अनेक ठिकाणी नुसतं क्षेत्रफळ नव्हता; हलकी जमीन असेल तर बिघा मोठा धरत, म्हणजे जमिनीचा कसही त्यातच मोजला जाई. एकराला कस कळत नाही. म्हणून या मोजणीला मातीची प्रतवारी वेगळी करावी लागली आणि तीही आण्यांत, सोळा आणे जमीन सर्वांत चांगली, मग खाली खाली. मापातून जे गळलं ते दुसऱ्या रकान्यात परत घ्यावं लागलं.

कोष्टकात न मावणारी पायली

आतापर्यंत वजनाचं वजनात आणि लांबीचं लांबीत चाललं होतं. पण आपल्या गावांत धान्य तोलत नव्हते, मापत होते. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. हा शेर वजनाचा नव्हे, आकारमानाचा. एक पायली म्हणजे किती किलो, असं मला विचारलंत तर मी उलट विचारणार: पायली कसली? ज्वारीची, भाताची की तांदळाची? नवं धान्य की जुनं? भात टरफलासकट पोकळ बसतो, तांदूळ दाट बसतो. पायली तीच, वजन वेगळं. एका ओळीत लिहिता येईल असं कोष्टक इथे नाहीच.

त्यात शीग. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवायचा, की वर ढीग राहू द्यायचा? शिगेची उंची मापाच्या तोंडावर अवलंबून. तोंड रुंद तर शीग मोठी. म्हणजे आतून सारखीच, पण एक पसरट आणि एक उभट अशी दोन मापं असतील, तर पसरट मापाची शीग जास्त धान्य नेते. घेताना शीग आणि देताना सपाट, असं करणाऱ्याला वजन खोटं ठेवायची गरज नव्हती. माप खरं, फक्त हात वेगळा. उसनं धान्य, खंड, बलुतं या सगळ्या देण्याघेण्यात शीग कुणाची, हे आधी ठरलेलं असे, आणि ठरवणारा बहुधा वरचढ बाजूचा असे.

म्हणून दशमान पद्धत आली तेव्हा पायलीवाल्या गावांत प्रश्न नुसता आकड्यांचा नव्हता. मापाऐवजी तराजू आला. शीग हा प्रकारच संपला. या बदलात रयतेचं नुकसान कमी आणि फायदा जास्त झाला, असं माझं मत आहे.

कागदावरचा किलो

दशमान मापं आणायचा पहिला कायदा स्वतंत्र भारताचा नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७१ मध्ये कायदा झाला आणि त्यात ‘शेर’ म्हणजे एक किलोग्रॅम असं ठरलं. नाव इथलं, आशय फ्रान्सचा. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मेयोंचा खून झाला. कायदा कागदावरच राहिला. पुढे १९१३-१४ मध्ये सिलबरॅड समितीने १८० ग्रेनच्या तोळ्याची पद्धतच देशभर चालवावी असं सुचवलं आणि १९३९ च्या कायद्याने तोळा, शेर, मण पक्के केले.

मग १९५६ चा वजनमापांचा कायदा. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत आणि व्यवहारांत सुरुवात झाली, काही काळ जुनी-नवी वजनं शेजारी शेजारी चालली आणि १९६२ च्या एप्रिलमध्ये व्यापारातल्या जुन्या वजनांचा कायदेशीर काळ संपला. आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आली.

शेर ९३३ ग्रॅमचा. म्हणजे शेराचा भाव किलोला लावायचा तर ७.१७ टक्के वाढवायचा. रुपया शेर असलेली वस्तू किलोला एक रुपया सात पैसे. गंमत बघा, अकबराने २८ दामांचा शेर ३० दामांचा केला तेव्हाचा फरक ७.१४ टक्के होता. जवळजवळ तेवढाच. मधे चारशे वर्षं गेली, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला वाद त्याच सात टक्क्यांचा. पावशेर २३३ ग्रॅमचा होता, पाव किलो २५० चा झाला. ‘पाव’ हा शब्द टिकला आणि पुडी थोडी जड झाली. भाव त्या मानाने किती जड झाला, हे ज्याला पावकी येत होती पण दशांश येत नव्हता, त्याने कसं तपासायचं?

आजचा अंश

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. तीन जागा दाखवतो, जिथे हा अंश आजही फिरतो.

पहिली, सातबारा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये असतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. जवळजवळ सारखे, म्हणून बोलताना ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ म्हणून मोकळे होतात. पण चाळीस गुंठ्यांच्या एकराला चाळीस आर धरलं, तर ५०४ चौरस फूट गायब होतात. शहरालगतच्या जमिनीत ती एका छोट्या घराची जागा आहे. उलट बाजूने, ‘हेक्टर म्हणजे अडीच एकर’ असं धरून एकरी भावाने पैसे मोजले, तर सुमारे १२६० चौरस फूट न मिळालेल्या जमिनीचे पैसे दिले जातात. हेक्टर म्हणजे २.४७ एकर, अडीच नव्हे. भावाभावांत वाटणी करताना किंवा खरेदीखत करताना चौरस मीटर लिहून मगच गुणाकार करा.

दुसरी, सोनं. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज बाजारात बहुतेक जण दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. पण सोन्याचं ‘दहा तोळ्यांचं बिस्किट’ अजून ११६.६४ ग्रॅमचंच असतं. आजीच्या जुन्या कागदावर ‘पाच तोळे’ लिहिलं असेल, तर ते ५८ ग्रॅम की ५०? आठ ग्रॅमचा प्रश्न आहे. शब्दावर जाऊ नका, काटा बघा आणि कागदाचं वर्ष बघा.

तिसरी, कापूस. रुईचा भाव आजही खंडीत निघतो आणि ती खंडी ३५६ किलोंची. हा विचित्र आकडा कुठून आला? मुंबईची कापसाची खंडी २८ मणांची, मण २८ पौंडांचा, गुणाकार ७८४ पौंड, म्हणजेच ३५६ किलो. मण कायद्याने गेला, पण त्याच्या पटीत देशाचा कापूस अजून विकला जातो. शेतकरी मात्र सरकीसकट कापूस क्विंटलने विकतो, आणि कापसात रुई साधारण एक तृतीयांश निघते. म्हणजे एका खंडीमागे दहा-अकरा क्विंटल कापूस लागतो, वर सरकीचे पैसे वेगळे आणि जिनिंगचा खर्च वेगळा. बातम्यांत खंडीचा भाव ऐकून आपला भाव योग्य आहे का हे ताडायचं, तर इतकी पायरी-पायरीने उतरण आहे. व्यापाऱ्याला ती पाठ असते. शेतकऱ्याला ती पाठ असली, तर सौदा वेगळा होतो.

म्हणून मापं बदलतात तेव्हा तीन गोष्टी विचारायची सवय ठेवा. जुनं माप नेमकं कुठलं आणि कधीचं? अंश कुठे सोडला, प्रत्येक वस्तूवर की शेवटच्या बेरजेवर? आणि सोडलेला अंश कुणाकडे गेला? बांबूची साखळी, ऐंशी रुपयांचा शेर आणि पारड्यातला किलो या तिन्हींनी सामान्य माणसाच्या हातात तपासणीचं साधन दिलं. आता आपल्या खिशात कॅल्क्युलेटर आहे. सातबाऱ्यावरचा आकडा एकदा स्वतः गुणून बघा.